हवेचा मार्ग कसा तपासावा: पेट्रोल गाडीतील इनटेक, थ्रॉटल आणि एक्झॉस्टचे दोष

सिग्नलला उभे राहिल्यावर इंजिन थरथरणे, आयडलिंग विनाकारण चढणे, घाटात पिकअप न मिळणे आणि ॲव्हरेज हळूहळू उतरत जाणे, अशा तक्रारी असलेल्या पेट्रोल गाडीत दोष पुष्कळदा इंधनाच्या बाजूला नसतो, हवेच्या बाजूला असतो. तरीही अनेक ठिकाणी आधी स्पार्क प्लग बदलले जातात, मग इंजेक्टर साफ केले जातात आणि एवढे करूनही चेक इंजिनचा दिवा विझला नाही, तर एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला दिला जातो, कारण स्कॅनरवरचा कोड त्या सेन्सरच्या वाचनावरून निघालेला असतो. सेन्सरने जे मोजले ते बरोबर मोजले असण्याची शक्यता मात्र कोणी तपासत नाही. यात मालकाचे पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो, हे वारंवार घडते आणि ते टाळता येण्यासारखे आहे. हवेच्या मार्गातील बहुतेक बिघाड चिरलेली नळी, ढिला क्लॅम्प, बसून गेलेले गास्केट किंवा काजळीचा थर अशा साध्या कारणांतून येतात, आणि एअर फिल्टरपासून सायलेन्सरच्या टोकापर्यंत नीट क्रमाने मोजमाप घेतले तर ते सापडतात. पुढील विवेचनात टर्बो नसलेली, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची, बीएस-४ किंवा बीएस-६ मानकाची पेट्रोल गाडी गृहीत धरली आहे. टर्बो आणि डिझेलचा उल्लेख शेवटाकडे थोडक्यात येईल.

आपली गाडी हवा कशी मोजते, हे आधी जाणून घ्यावे

शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, आत किती हवा येत आहे हे सतत कळावे लागते, आणि ते कळण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत एअर फिल्टरच्या लगेच पुढे एमएएफ सेन्सर असतो. त्यातील तापवलेल्या तारेवरून किंवा पातळ पट्टीवरून जाणारी हवा तिला किती थंड करते, यावरून हवेचे वजन ठरते. दुसऱ्या पद्धतीत हवा थेट मोजली जात नाही. इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधील, दाब मॅप सेन्सर सांगतो, हवेचे तापमान दुसरा सेन्सर सांगतो आणि इंजिनाच्या आरपीएमशी त्यांची सांगड घालून ईसीयू हवेचा हिशेब मांडतो. भारतातील बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत ही दुसरी पद्धत असते.

हा फरक निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण एकच दोष या दोन प्रकारच्या गाड्यांत वेगवेगळी लक्षणे दाखवतो. समजा, थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, पुढे मॅनिफोल्डला जोडलेली एक बारीक नळी चिरली आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जाऊ लागली. एमएएफच्या गाडीत ही हवा सेन्सरला वळसा घालून येते, तिची मोजणीच होत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि काही दिवसांनी तसे सांगणारा पी०१७१ हा कोड येतो. मॅप सेन्सरच्या गाडीत मात्र गळतीमुळे मॅनिफोल्डमधील दाब वाढतो, ईसीयू तो वाढलेला दाब हवा म्हणून मोजतो आणि तितके पेट्रोलही सोडतो. मिश्रण जवळपास ठीक राहते, पण आयडलिंग चढू लागते. ते आवरण्यासाठी ईसीयू थ्रॉटल मिटत नेतो आणि आणखी मिटायला जागा उरली नाही की पी०५०७, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त, हा कोड येतो. परदेशी साहित्यातून शिकलेला ‘व्हॅक्यूमची गळती म्हणजे पातळ मिश्रण’ हा ठोकताळा आपल्याकडच्या लहान गाड्यांना लावला, तर खरी गळती समोर असूनही ती नाकारली जाते. याला एक अपवाद आहे. गळती एकाच सिलिंडरच्या तोंडाशी असेल, तर मॅप सेन्सरच्या गाडीतही त्या एका सिलिंडरचे मिश्रण पातळ होते आणि आयडलिंगला मिसिंग, म्हणजे मिश्रण न पेटल्याने बसणारा झटका, जाणवते.

आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे हे ओळखणे सोपे आहे. एअर फिल्टरच्या डब्यातून बाहेर पडणाऱ्या जाड नळीवर चार-पाच तारांचा कनेक्टर असलेला सेन्सर दिसला, तर तो बहुधा एमएएफ असतो. तिथे काहीच नसेल किंवा केवळ दोन तारांचा तापमानाचा सेन्सर असेल, आणि मॅनिफोल्डवर तीन-चार तारांचा लहान सेन्सर बसवलेला असेल, तर गाडी मॅप सेन्सरवर चालते. काही गाड्यांत दोन्ही असतात.

साहित्य आणि सुरक्षितता

डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा आणि मोबाइलवर चालू आकडे दाखवणारा साधा स्कॅनर, व्हॅक्यूम गेज, मल्टिमीटर, चांगला टॉर्च आणि पाने-पेचकस, एवढ्या साहित्यावर यातील बहुतेक काम होते. केवळ कोड वाचणारा स्कॅनर उपयोगाचा नाही, चालू आकडे दिसलेच पाहिजेत. कोड पुसण्यापूर्वी तो कोणत्या आरपीएमला, किती तापमानाला आणि किती वेगाला आला, याची ईसीयूने साठवलेली नोंद लिहून घ्यावी. बॅटरीची तार काढून दिवा घालवण्याची सवय घातक आहे. त्यात ही नोंद जाते आणि ईसीयूने शिकलेली मूल्येही पुसली जातात.

एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही आणि वासही नाही. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ही तपासणी कधीही करू नये. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून ओढणी, बाह्या आणि बोटे त्यापासून दूर ठेवावीत. एक्झॉस्टचे भाग बंद केल्यानंतरही बराच वेळ भाजण्याइतके गरम असतात.

आधी डोळ्यांनी पाहावे

स्कॅनर लावण्यापूर्वी बोनेट उघडून पंधरा मिनिटे शांतपणे पाहण्याचे मोल फार आहे. एअर फिल्टरचा डबा उघडावा. फिल्टर धुळीने भरला आहे का, नीट बसला आहे का, त्याची रबरी कड दुमडली आहे का, डब्याच्या सर्व क्लिपा लागल्या आहेत का, हे पाहावे. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला धूळ आढळली तर फिल्टरला वळसा घालून हवा जात आहे, आणि हा दोष पिकअपपुरता नाही; ती धूळ सिलिंडर आणि रिंगा झिजवते. उंदरांनी डब्यात केलेली घरटी आणि कुरतडलेल्या नळ्या व तारा आपल्याकडे इतक्या सर्रास आढळतात की, रात्री उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत ही शक्यता प्रथम तपासावी.

एअर फिल्टर तुंबल्याने ॲव्हरेज एकदम घसरते, असे सांगितले जाते. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात तथ्य होते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवा कमी आली तर ईसीयू पेट्रोलही कमी करतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागासाठी ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे आधुनिक गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पिकअप मात्र मंदावला, असे दिसून आले. म्हणून केवळ ॲव्हरेजची तक्रार असेल तर नवा फिल्टर टाकून थांबू नये.

फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची घड्यांची रबरी नळी हाताने वाकवून पाहावी, कारण चीर बहुधा घड्यांच्या खोबणीत आणि खालच्या बाजूला असते. सरळ पाहिल्यावर ती दिसत नाही. त्यानंतर मॅनिफोल्डला जोडलेली प्रत्येक बारीक नळी दोन्ही टोकांपर्यंत हाताने तपासावी: ब्रेक बूस्टरची, क्रँककेसमधील वाफ परत आणणारी पीसीव्हीची, पेट्रोलच्या टाकीतील वाफ आणणारी पर्ज व्हॉल्व्हची. ज्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवले आहे, तिथे आणखी लक्ष द्यावे. सीक्वेन्शियल किटसाठी मॅनिफोल्डला छिद्रे पाडून नोझल बसवलेले असतात आणि दाबाच्या संदर्भासाठी मूळ नळी कापून मध्ये तीन तोंडांचा जोड घातलेला असतो. या जोडांपाशी गळती फार वेळा सापडते. जुन्या मिक्सरच्या किटमध्ये इनटेकमध्ये बॅकफायर होऊन फिल्टरचा डबाच तडकल्याचेही आढळते.

चार आकडे

आता चावी चालू स्थितीत ठेवून, इंजिन सुरू न करता, मॅप सेन्सरचे वाचन पाहावे. या वेळी त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: मुंबईत किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सुमारे १०१ किलोपास्कल, साधारण ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात सुमारे ९५ आणि महाबळेश्वरला सुमारे ८६. या आकड्यांपासून वाचन चार-पाचाने दूर असेल, तर सेन्सरवर किंवा त्याच्या तारांवर संशय घेण्यास आधार आहे. एमएएफच्या गाडीत याच वेळी वाचन शून्याच्या जवळ असावे.

दुसरा आकडा गरम इंजिनाच्या आयडलिंगचा. एसी आणि दिवे बंद असताना मॅपचे वाचन साधारण २५ ते ४० किलोपास्कलच्या दरम्यान असते. निरोगी इंजिनात ते स्थिर राहते. एमएएफ असेल तर १.२ ते १.६ लिटरच्या इंजिनाला दर सेकंदाला साधारण दीड ते चार ग्रॅम हवा दिसावी. व्हॅक्यूम गेज लावल्यास समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) वाचन चांगले समजतात, पण उंचीच्या दर हजार फुटांमागे ते सुमारे एका इंचाने उतरते. पुण्यात पंधरा-सोळा इंच दिसले म्हणून इंजिन कमजोर ठरवणे चूक आहे. मुंबईसाठी योग्य असलेली मर्यादा डोंगरावर लावू नये, एवढी साधी गोष्टही वारंवार विसरली जाते.

तिसरा आकडा फ्युएल ट्रिमचा. ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनावरून ईसीयू आपल्या मूळ हिशेबात किती टक्के पेट्रोल वाढवत किंवा कमी करत आहे, ते यातून कळते. तात्कालिक आणि दीर्घकालीन अशा दोन्ही ट्रिमची बेरीज करावी. ती उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर सामान्यतः काळजीचे कारण नाही. सलग अधिक दहाच्या वर असेल तर ईसीयूला मिश्रण पातळ वाटत आहे, उणे दहाच्या खाली असेल तर श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, वाटत आहे. हे वाचन आयडलिंगला आणि नंतर २५०० आरपीएमला स्थिर धरून, असे दोनदा घ्यावे, कारण निदान या दोहोंच्या तुलनेत आहे. एमएएफच्या गाडीत आयडलिंगला अधिक २० आणि २५०० ला अधिक ४ असे चित्र आले, तर थ्रॉटलच्या पुढे गळती आहे. गळतीतून येणारी हवा जवळपास तेवढीच राहते, पण एकूण हवा वाढल्याने तिचा वाटा घटतो. उलट, आयडलिंगला ठीक आणि भार वाढेल तसा ट्रिम चढत जात असेल, तर एमएएफची तार मळलेली आहे किंवा पेट्रोलचा दाब कमी पडत आहे.

येथे ई-२० पेट्रोलचा विचार करणे आवश्यक आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला एका किलोमागे १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा किलो हवा पुरते. म्हणजे तितक्याच हवेला इंधन जास्त लागते आणि ईसीयू ट्रिम वाढवून ती भर घालतो. ई-१० वर शिकलेली गाडी ई-२० वर आली की ट्रिममध्ये चार टक्क्यांच्या आसपास वाढ अपेक्षित आहे, आणि जुन्या, शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या गाडीत ती आठ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. केवळ अधिक ६ पाहून गळती शोधत बसू नये. परंतु ई-२० ही सबब पुढे करून अधिक १८ कडे दुर्लक्षही करू नये.

चौथा आकडा आयडलिंगच्या वेळच्या थ्रॉटलचा. बहुतेक स्कॅनर थ्रॉटल मिटलेला असतानाही दहा ते अठरा टक्के दाखवतात, कारण तो सेन्सरच्या व्होल्टेजचा हिशेब असतो. ते पाहून घाबरू नये. महत्त्वाचा असतो तो त्याच गाडीतील बदल. गाडी निरोगी असताना हा आकडा लिहून ठेवलेला असेल, तर पुढे तो घटल्यास गळती आणि वाढल्यास थ्रॉटलभोवतीची काजळी सूचित होते.

गळती नेमकी कुठे आहे

गळती शोधण्याची सर्वांत विश्वासार्ह पद्धत म्हणजे धुराची चाचणी. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये अगदी हलक्या दाबाने धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येतो तिथे गळती असते. आता अनेक गॅरेजमध्ये हे यंत्र असते आणि अंदाजाने भाग बदलण्यापेक्षा त्याचे पैसे देणे कधीही स्वस्त पडते. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून आरपीएम बदलतो का पाहण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तो द्रव अत्यंत ज्वलनशील असतो आणि गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा ठिणगी सोडणारी जुनी वायर जवळच असते. घरी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फवाऱ्याशिवायही बरेच कळते. इंजिन चालू असताना एकेक बारीक नळी पकडीने हलकेच चिमटावी. एखादी नळी चिमटल्यावर आयडलिंग ताळ्यावर आले, तर दोष त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या भागात आहे. ब्रेक दाबल्यावर आयडलिंग बदलत असेल आणि पायाशी फुसफुस ऐकू येत असेल, तर ब्रेक बूस्टरचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता आहे. त्याची वेगळी चाचणी अशी: इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे, पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते गेले नाही, तर हा प्रश्न ब्रेकचा आहे आणि दुरुस्तीपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

ऑइल भरण्याचे झाकण आयडलिंगला उचलून पाहावे. ते जोराने चिकटून बसले असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटला आहे. उलट आतून वाफ जोराने बाहेर येत असेल, तर पीसीव्हीचा मार्ग तुंबला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत, आणि मग थ्रॉटलवर वारंवार तेलकट काजळी जमण्याचे कारणही तेच असते. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर एक वैशिष्ट्यपूर्ण लक्षण दिसते: पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते. थंड इंजिनाच्या आयडलिंगला या व्हॉल्व्हची टाकीकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवावे. तिथे सतत ओढ जाणवू नये.

थ्रॉटल

जुन्या, केबलच्या थ्रॉटलमध्ये केबलला किंचित ढिलाई आहे का आणि झडप पूर्ण मिटते का, हे पाहावे. आयडलिंगचे नियंत्रण तिथे वेगळ्या आयएसी व्हॉल्व्हकडे असते आणि त्याच्या टोकाशी जमलेली काजळी गाडी सिग्नलला बंद पडण्याचे नेहमीचे कारण असते. थ्रॉटलच्या थांब्याचा स्क्रू पिळून आयडलिंग वाढवू नये. तो कारखान्यात बसवलेला असतो आणि हलवल्यावर ईसीयूचा शून्याचा संदर्भच बिघडतो.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये पेडल आणि झडप यांच्यात केबल नसते. पेडलमध्ये दोन आणि थ्रॉटलमध्ये दोन असे सेन्सर असतात, आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत तर पी२१३८ किंवा पी२१३५ हे कोड येऊन ईसीयू इंजिनाची ताकद मर्यादित करतो. झडपेतील स्प्रिंग तिला थोडीशी उघडी ठेवते, त्यामुळे गाडी रखडत का होईना घरी नेता येते. पेडलची चाचणी चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत करावी. स्कॅनरवर पेडलचे दोन्ही आकडे लावून अगदी सावकाश तळापर्यंत दाबावे आणि तितकेच सावकाश सोडावे. दोन्ही आकडे एकत्र, न अडखळता चढले आणि उतरले पाहिजेत. पुष्कळ गाड्यांत एक व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असते. थ्रॉटलच्या बाजूला एक चढत असताना दुसरे उतरते आणि दोन्हींची बेरीज पाच व्होल्टच्या आसपास राहते, अशी रचना अनेक गाड्यांत आढळते. इतरत्र वेगळी असू शकते, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल पाहावे.

पेडल आणि थ्रॉटलचे कोड एकाच वेळी, शिवाय मॅप किंवा एसीच्या दाबाच्या सेन्सरचाही कोड आला असेल, तर तिन्ही भाग एकदम बिघडले असे समजणे अतार्किक आहे. हे सेन्सर पुष्कळदा पाच व्होल्टचा एकच पुरवठा वाटून घेतात. त्यातील एक शॉर्ट झाला किंवा वायर घासून बॉडीला टेकली की सर्वांचा पुरवठा कोसळतो. मल्टिमीटर पुरवठ्याच्या तारेवर लावून एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जावे. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तिथे दोष आहे. नवा थ्रॉटल बॉडी घेण्यापूर्वी हा अर्धा तास खर्च करावाच.

थ्रॉटल साफ करताना चावी काढून घ्यावी, इनटेकची नळी सोडवावी आणि थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ कापडावर घेऊन झडपेची कड आणि तिच्याभोवतीची भिंत पुसावी. थेट भरपूर फवारल्यास द्रव मोटर आणि सेन्सरच्या बाजूला शिरतो. झडप बोटाने जोर लावून फिरवू नये, कारण आतील प्लास्टिकचे गिअर नाजूक असतात. काही थ्रॉटलमध्ये कडेला कारखान्याने दिलेला पातळ लेप असतो. तो मळासारखा दिसतो, पण खरवडून काढला तर झडप नीट मिटत नाही. साफ केल्यानंतर आयडलिंग चढले, तर घाबरण्याचे कारण नाही. काजळी असताना झडप किती उघडायची हे ईसीयूने शिकून ठेवलेले असते आणि ते पुन्हा शिकवावे लागते. काही गाड्यांत हे आपोआप होते, काहींत स्कॅनरमधून करावे लागते. एमएएफ साफ करायचा असेल तर त्यासाठीचाच क्लीनर वापरावा. थ्रॉटल क्लीनर, ब्रश आणि कॉम्प्रेस्ड हवा त्याच्या तारेला चालत नाहीत.

पिकअप नाही: हवा आत अडते आहे की बाहेर

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक सुंदर चाचणी मॅप सेन्सर असलेल्या कोणत्याही गाडीत करता येते आणि ती फार कमी ठिकाणी केली जाते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून वाढवावी. आकडे शेजारी बसलेल्या माणसाने वाचावेत, चालकाने नव्हे. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या दाबाजवळ पोहोचला पाहिजे. पुण्यात चावी चालू स्थितीत ९५ दिसत असेल, तर नव्वदीच्या वर. वरच्या आरपीएमला तो ८०-८२ वरच अडकला, तर हवा आत येतानाच अडत आहे: तुंबलेला फिल्टर, आत दबणारी नळी, डब्यात अडकलेली पिशवी किंवा पूर्ण न उघडणारा थ्रॉटल. दाब व्यवस्थित ९३ वर गेला आणि तरीही गाडी ओढत नसेल, तर हवा मॅनिफोल्डमध्ये आहे, पण पुढे सरकत नाही, आणि मग संशय एक्झॉस्टकडे वळवावा.

एक्झॉस्ट तुंबल्याची खात्री करण्यासाठी व्हॅक्यूम गेज लावून इंजिन २५०० आरपीएमला स्थिर धरावे. निरोगी गाडीत वाचन आयडलिंगइतके किंवा थोडे जास्त राहते. मिनिटभरात ते सातत्याने उतरत गेले, तर मागे वायू साठत आहे. थेट मोजायचे असेल तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी दाबाचे गेज लावतात: आयडलिंगला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत वाचन असावे. सेन्सर काढून गाडी एकदम हलकी वाटली, तरी तेच सिद्ध होते.

तुंबण्याची जागा बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधील विषारी वायूंचे रूपांतर करणारा डबा, असते. त्यातील सिरॅमिकची जाळी वितळते किंवा तुटून सरकते. हलक्या रबरी हातोडीने थंड कन्व्हर्टरवर टकटक केल्यावर आत काही खडखडले, तर ती तुटली आहे. पण जाळी स्वतःहून वितळत नाही. मिसिंगमुळे न जळलेले पेट्रोल तिथे पोहोचून जळते, किंवा इंजिन ऑइल पिते, आणि त्यातून ती मरते. मूळ मिसिंग न काढता नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही जाणार. जाळी काढून रिकामा डबा परत बसवून देण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो स्वीकारू नये. ते बेकायदेशीर आहे आणि त्या गाडीमागे उभ्या असलेल्या प्रत्येक दुचाकीस्वाराच्या फुप्फुसांत त्याचा हिशेब जातो.

पी०४२० हा कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा कोड आला, म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नये. आधी एक्झॉस्टची गळती तपासावी. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचे गास्केट गेले असेल, तर दोन स्पंदनांच्या मध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवतो आणि गाडी प्रत्यक्षात श्रीमंत मिश्रणावर धावते. ट्रिम अधिक, पण प्लग काळे आणि ॲव्हरेज कमी, असे विसंगत चित्र दिसले की हीच शक्यता प्रथम घ्यावी. सकाळी थंड इंजिन सुरू करताच मॅनिफोल्डपाशी टिकटिक ऐकू येते आणि धातू तापून प्रसरण पावला की ती थांबते, म्हणून ही तपासणी पहिल्या दोन मिनिटांतच करावी. जोडाभोवतीचा काळा डाग गळतीची जागा दाखवतो. एक्झॉस्टचा वास गाडीत येत असेल तर काचा उघड्या ठेवून थेट गॅरेज गाठावे.

कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर निरोगी गाडीत ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत असतो. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत हेलकावत असतो, आणि मागचाही त्याच लयीत हेलकावू लागला, तरच कन्व्हर्टर थकला असे म्हणता येते. सायलेन्सरच्या मागच्या डब्याला खालून एक बारीक छिद्र असते. ते पाणी निथळण्यासाठी ठेवलेले असते आणि गंजाचे भोक समजून त्यावर वेल्डिंग करू नये. कोकणातील खारट दमट हवेत, जवळच्या जवळच फिरणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर आतून लवकर गंजतात, ते या पाण्यामुळेच.

टर्बोच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत क्रम हाच राहतो, मात्र टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतच्या नळ्यांत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. तिथली गळती आयडलिंगला कळत नाही, भाराखाली फुसफुसते आणि जोडाभोवती तेलकट ओल सोडते; पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, हा कोड आल्यावर टर्बो उघडण्यापूर्वी या नळ्या आणि क्लॅम्प पाहावेत. डिझेलमध्ये एक्झॉस्टचा काही वायू परत इनटेकमध्ये सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड काजळीने भरणे नेहमीचे आहे. बीएस-६ डिझेलमधील डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधील काजळी अडवणारा फिल्टर, शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तुंबत जातो, आणि त्याचा दिवा लागल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे सलग वेगात गाडी चालवून त्यात साचलेली काजळी जळू द्यावी.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन बंद पडले असेल, तर वरची कोणतीही चाचणी करण्यापूर्वी चावी काढून घ्यावी आणि पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टरचा डबा उघडावा. फिल्टर किंवा त्याच्या पुढची नळी ओली असेल तर गाडी ओढूनच न्यावी आणि प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय ती सुरू करू नये.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून, इंजिन गरम करून, आयडलिंगचे आणि २५०० आरपीएमचे तेच आकडे पुन्हा घ्यावेत. दीर्घकालीन ट्रिम हळूहळू सरकत असल्याने दोन-चार दिवस शहरात आणि हायवेवर गाडी चालवून ते पुन्हा पाहावे. स्कॅनरच्या ‘रेडिनेस’ पानावर ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टरची स्वयंचाचणी पूर्ण झालेली दिसल्याशिवाय दिवा विझला याला अर्थ नाही, कारण कोड पुसल्यावर दिवा काही काळ विझतोच. चावी चालू असतानाचा दाब, आयडलिंगचा मॅप किंवा एमएएफ, दोन्ही ट्रिम आणि थ्रॉटलची टक्केवारी ही नोंद तारीख, किलोमीटर आणि गावाच्या नावासह सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या तक्रारीच्या वेळी तुलनेसाठी त्याच गाडीचे आकडे हाताशी असतील.